उकार

ठाण्यात कोर्टनाक्याच्या आतल्या अंगाला
आमचं सैनिक कल्याण कार्यालय.
आवक आणि जावक, वह्या दोन, कारकून एक.
तो मी, घरत. एकवीस वर्षं.

माझ्या खिडकीची चौकट जरा खाली बसलीय.
ज्यांना आयुष्यभर ताठ उभं राहायला शिकवलं
ते इथे वाकून बोलतात.
कुणाचा गुडघा लोखंडाचा, कुणाला एकच कान,
कुणाच्या अंगठ्याच्या रेषा बर्फात राहिल्या,
यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा.
मी म्हणतो, सोमवारी या.
याचं वाईट वाटायचं बंद होऊन
बरीच वर्षं झाली.

अनसूया सखाराम तारमळे, मुक्काम डोळखांब.
बेळगावच्या रेकॉर्डात: अनुसया.
आधार कार्डावर: अनसूया.
लग्नानंतर नवऱ्याने सांगितलं एक,
कुण्या हवालदाराने ऐकलं दुसरं.
न-खालचा उकार सरकून स-खाली गेला
आणि जाता जाता लांबला.
मी तांबड्या शाईने लिहिलं, नावात तफावत.
नियमाने बरोबर लिहिलं.
फाइल अकरा वर्षं
बरोबरच राहिली.

जूनमध्ये नव्या अधिकारी आल्या, मेजर तुंगारे, निवृत्त.
आम्ही हार आणला होता.
त्यांनी हाराचे पैसे कुणी दिले ते विचारलं,
मग सगळ्यात जुनी फाइल कुठली ते.
भाषण नाही. आवाजही चढला नाही.
चढला असता तर मला सोपं गेलं असतं.
खिडकी उचलायला बांधकाम खात्याने सात महिने मागितले,
तोवर त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसू लागल्या,
फायली मांडीवर, डबाही तिथेच.
एका सुभेदाराने विचारलं, तुमचं काय अडलंय, ताई?
म्हणाल्या, खिडकी.

पुण्याहून कागद आला, खुलासा करावा:
अकरा वर्षांच्या विलंबास जबाबदार कोण?
कळव्याच्या खोलीत मी रात्रभर
पोरीच्या फीचे हप्ते मोजत बसलो.
सकाळी जावकला उत्तर आलं, तीन ओळींचं.
प्रकरण निकाली काढले आहे.
नावाची दुरुस्ती सोबत जोडली आहे.
विलंबाची जबाबदारी कार्यालयप्रमुख म्हणून माझी.
खाली सही,
जूनमध्ये आलेल्या बाईची.
मी क्रमांक टाकला. आकडा वाकडा आला.

आदेश द्यायला आम्ही डोळखांबला गेलो.
टपालाने गेला असता, मी म्हटलं.
त्या म्हणाल्या, अकरा वर्षं टपालानेच पाठवत होतो ना?
म्हातारी खळ्यात भात झोडत होती.
कागद घेतला, उलटा धरला, विचारलं,
"माजा काय चुकला व्हता?"
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
उत्तर माझ्याकडेच होतं.
मी उकिडवा बसलो, सारवणावर बोटाने
दोन अक्षरं काढली, खाली ती शेपटी,
इथली उचलून तिथे.
तिने बराच वेळ पाहिलं.
"इचवाची नांगी दिसते," म्हणाली,
आणि पायाने पुसून टाकलं,
कारण तिथे पेंढा टाकायचा होता.

निघताना तिने दुधी दिला.
मॅडम म्हणाल्या, घरत, आवक करा.
मला थट्टा वाटली. नव्हती बहुधा.
वहीत आहे ते अजून, माझ्या अक्षरात:
प्रेषक, अनसूया सखाराम तारमळे.
विषय, दुधी, एक नग.
नाव दोनदा तपासलं, बोट ठेवून.
शेरा: तफावत नाही.

खिडकीचं अंदाजपत्रक
अजून परत आलेलं नाही.